बोरिस बँडचे अल्बम लॉसलेसमध्ये (आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाइल्समध्ये) जमवतोयस? मग हे वाच

आधी एक गोंधळ निस्तर. टोकियोच्या या तिघांच्या रॉक बँडने 'हेवी रॉक्स' याच नावाचे तीन वेगवेगळे अल्बम काढलेत: 2002, 2011 आणि 2022. फोल्डरच्या नावात साल टाकलं नाहीस तर प्लेअर तिघांची खिचडी करून ठेवेल. माझी झाली होती, निस्तरायला अख्खा रविवार गेला.

सुरुवात 'पिंक'पासून कर. 1996च्या 'अ‍ॅब्सोल्युटेगो'ला एवढ्यात हात लावू नकोस. तासाभराचा एकच ट्रॅक आहे, पहिल्याच दिवशी पळून जाशील.

फ्लॅकचा, म्हणजे या लॉसलेस फाइल फॉरमॅटचा, खरा फायदा 'फ्लड' अल्बमवर कळतो. सत्तरेक मिनिटांची एकच रचना, सीडीवर चार ट्रॅकमध्ये तोडलेली. एमपी3मध्ये बऱ्याचदा जोडावर बारीकसा खड्डा पडतो, लाट उसळायला आणि तो यायला एकच गाठ. फ्लॅकमध्ये सलग वाजतं, फक्त प्लेअरमध्ये गॅपलेस चालू ठेव.

पण फॉरमॅटपेक्षा आवृत्ती बघ. 2008च्या 'स्माइल'चं जपानी आणि अमेरिकी मिक्सिंग वेगळं, गाण्यांचा क्रमही वेगळा. दोन्ही ठेव.

आणि नुसतं .फ्लॅक दिसलं म्हणून भुलू नकोस. मी एकदा पैसे मोजून घेतलेल्या फाइल्स स्पेक्ट्रोग्राममध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या चित्रात) उघडल्या, तर 16 किलोहर्ट्झच्या वर सगळा काळोख! एमपी3 करताना वरचे बारीक सूर बऱ्याचदा असेच छाटले जातात. म्हणजे एमपी3लाच फ्लॅकचा सदरा चढवला होता. तेव्हापासून बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवरच्या बँडच्या पानावरून घेतो, नाहीतर सीडी आणून स्वतः रिप करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. चोवीस बिटच्या फाइल्समागे धावू नकोस, गिटारच्या एवढ्या फझमध्ये (खरखरीत, फाटक्या आवाजात) सीडीचे सोळा बिट पुरतात.