पोलिसांबद्दल प्रत्येक गटाचं मत इतकं वेगळं का असतं?

तुम्ही विचारलंय की एकाच देशात काहींना पोलिस दिसले की बरं वाटतं आणि काहींना धडकीच भरते, हे कसं. मला विचाराल तर वय, वंश, धर्म या सगळ्याच्या मागे एकच गोष्ट आहे, तुमची पोलिसांशी गाठ कशामुळे पडते. आजोबांची पडते ती घरी चोरी झाली आणि त्यांनीच फोन केला म्हणून, आणि विशीतल्या पोराची पडते ती रस्त्यात थांबवून खिसे तपासले म्हणून. मग मत सारखं कसं असणार?

अमेरिकेत २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, त्यानंतर गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं तर ५६ टक्के गोऱ्यांचा पोलिसांवर भरवसा होता आणि कृष्णवर्णीयांत फक्त १९ टक्के. पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी हेही विचारलं की तुमच्या भागात पोलिस कमी हवेत का, तर ८१ टक्के कृष्णवर्णीय म्हणाले आहेत तेवढे राहू देत किंवा वाढवा. लोक इथेच गोंधळतात. भरवसा नाही म्हणजे पोलिस नकोत असं नसतं हो, तक्रार अशी असते की झडती घ्यायला आमच्याचकडे येता आणि आमच्यात कुणाचा खून झाला की तपास रेंगाळतो.

टॉम टायलर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं की निकाल काय लागला यापेक्षा वागवलं कसं हे लोक जास्त धरून ठेवतात. मला पटतं, कारण एकदा मला दंड झाला तेव्हा तो पोलिस नीट बोलला म्हणून राग आला नाही, आणि एकदा नुसतंच सोडून दिलं पण अरेतुरे केलं ते अजून डोक्यात आहे.

बदल होतो का, तर होतो पण फार हळू. उत्तर आयर्लंडमध्ये जुन्या पोलिस दलात कॅथलिक जेमतेम ८ टक्के होते, बाकी जवळजवळ सगळे प्रोटेस्टंट, २००१ मध्ये नाव, बिल्ला सगळं बदललं आणि पुढची १० वर्षं भरतीत निम्मे कॅथलिक घेतले, तेव्हा कुठे आकडा ३० च्या आसपास गेला. २०११ मध्ये तिथल्या ओमा या गावात एका तरुण कॅथलिक कॉन्स्टेबलला गाडीखाली बॉम्ब लावून मारलं. त्याच्या शवपेटीला आधी गेलिक फुटबॉलवाल्यांनी, म्हणजे मुख्यतः कॅथलिक लोक खेळतात त्या आयरिश खेळाच्या मंडळींनी, खांदा दिला आणि मग ती पोलिसांच्या खांद्यावर दिली. गेलिक खेळांच्या याच संघटनेत २००१ पर्यंत तिथल्या पोलिसांना सभासद व्हायलासुद्धा बंदी होती.