वाचकांचे प्रश्न : इंजिन बदललं, आता मीटर कोणते?

प्रश्न : माझ्या १९७२च्या डॅटसन २४०झेडमध्ये जीएमचं एलएस१ व्ही८ इंजिन आणि टी५६ गिअरबॉक्स बसवला आहे. जुने मीटर चालतील का? नवे घेतले तर सेन्सर कोणते?
– एक वाचक, सॅन होझे, कॅलिफोर्निया

उत्तर : आधी अँमीटर (करंट दाखवणारा मीटर) निकामी करा. बाकीचे मीटर चुकले तर आकडा चुकेल, हा मात्र वायरिंग जाळू शकतो. या गाडीत चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डमधल्या अँमीटरमधून जातो आणि त्याची पट्टी ४५ अँपिअरला संपते. एलएस१चा अल्टरनेटर १००च्या वर देतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड केबल टाका, बॅटरीजवळ फ्यूज द्या. अँमीटरच्या दोन्ही जाड वायरी एकमेकींना घट्ट जोडून त्यावर स्लीव्ह चढवा. सुट्या ठेवल्या तर आत वीजच येणार नाही. त्याच्या जागी व्होल्टमीटर लावा.

पेट्रोलचा काटा याच डायलमध्ये आहे, तोही बदलेल. नवा घेण्याआधी टाकीतल्या सेंडरचा (गेजला, म्हणजे मीटरला, माप पाठवणाऱ्या सेन्सरचा) रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. सहसा टाकी रिकामी असताना ८० ओहमच्या आसपास आणि भरलेली असताना १०च्या आसपास येतो. त्याला फोर्डचा ७३–१० ओहमचा गेज जवळचा. जीएमचा ०–९०चा घेतलात तर काटा उलटा फिरेल, भरलेली टाकी रिकामी दिसेल.

तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान यांसाठी गेज आणि सेंडर एकाच कंपनीचे, जोडीनेच घ्या. ‘१०० पीएसआय’ (दाबाचं एकक) दोन कंपन्यांच्या गेजवर सारखंच छापलेलं असतं, पण एकाचा सेंडर १० ते १८० ओहम चालतो आणि दुसऱ्याचा २४० ते ३३. इंजिन कंट्रोलरच्या तापमान सेन्सरला गेजची वायर जोडू नका. कंट्रोलरला चुकीचं तापमान कळेल आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडेल. एलएस१चे दोन्ही हेड सारखेच असतात, त्यामुळे डाव्या हेडच्या पुढच्या टोकाला सेन्सरचं जे भोक आहे तेच उजव्या हेडच्या मागच्या टोकाला बूच लावलेलं सापडतं. आटे एम १२ × १.५ (व्यास आणि आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये). गेजचा सेंडर तिथे अडॅप्टरने बसतो.

तेलाच्या दाबाची मूळ जागा इनटेकच्या मागे आहे, आटे एम १६ × १.५. तिथे हात जात नसेल तर ऑइल फिल्टरच्या वरच्या छोट्या झाकणाला १/८ एनपीटीचे (अमेरिकी मापाचे निमुळते) आटे पाडतात, ते जास्त सोयीचं. पण डॅटसनचा जुना सेंडर तिथे पिळू नका. त्याचे आटे बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे निमुळते), इंचाला २८, एनपीटीचे २७. दोनतीन फेरे सहज जातात, मग अडकतं, आणि जोर केला की झाकणातले आटे जातात.

एका वायरच्या सेंडरला अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) त्याच्या आट्यांतूनच मिळतं. टेफ्लॉन टेपचे थरावर थर दिले की रेझिस्टन्स वाढतो. १०–१८० ओहमच्या सेंडरवर याचा परिणाम घातक असतो: दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि चालवणारा निर्धास्त राहतो. आट्यांवर द्रव सीलंट लावा, तेही पहिले दोन आटे सोडून, आणि मग सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओहम मोजा. जवळपास शून्य आलं पाहिजे.

मूळचा टॅकोमीटर (आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा) एका इग्निशन कॉइलचा करंट वाचतो. इथे कॉइल आठ आहेत, त्यामुळे तो जाणार. नव्याला कंट्रोलरची टॅकोची वायर द्या. ती इंजिनच्या फेऱ्याला दोनच पल्स देते, म्हणून इंजिन आठ सिलिंडरचं असलं तरी सेटिंग चारचं ठेवा. आठचं ठेवलं तर आरपीएम निम्मे दिसतात. काटा हललाच नाही तर ती वायर आणि इग्निशनचे १२ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर घाला.

स्पीडोमीटर इलेक्ट्रॉनिक घ्या. टी५६ शाफ्टच्या फेऱ्याला १७ पल्स देतो. ३.५४चा डिफरन्शियल आणि २२५/५० आर१६ टायर धरले तर मैलाला सुमारे ४९ हजार पल्स होतात. तेवढे पल्स गेजला चालतात का, ते विकत घेण्याआधीच बघा.

प्रश्न : अशाच एलएस१वर गरम झाल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) तेलाचा दाब फार खाली येतो. गेज खराब की इंजिन?

उत्तर : जीएमची किमान मर्यादा १००० आरपीएमला ६, २०००ला १८ आणि ४०००ला २४ पीएसआय आहे. त्याच जागी मेकॅनिकल (सेंडरशिवाय थेट तेलाच्या दाबावर चालणारा) गेज लावून ताडून बघा. तोही कमी दाखवत असेल आणि इंजिन बसवताना ऑइल पॅन बदललं असेल, तर पिकअप ट्यूबची (पॅनमधलं तेल पंपाकडे नेणाऱ्या नळीची) ओ-रिंग चिमटली किंवा फाटली आहे का ते आधी तपासा. पंप तिथून हवा ओढतो. तोवर गाडी चालवू नका.