रोजची भाकर की उद्याची?

प्रश्न : रविवारच्या शाळेत प्रभूची प्रार्थना शिकवताना ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या ओळीवर एका मुलाने विचारले की, घरी केलेल्या कडक भाकरी कितीतरी दिवस टिकतात, मग भाकर रोज कशाला मागायची? उत्तर शोधताना एका पवित्र शास्त्राच्या तळटिपेत ‘किंवा, उद्याची भाकर’ असे वाचले आणि गोंधळ वाढला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काय?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : तुम्ही विचारलेला शब्द ‘एपिऊसिओस’ हा असून, नव्या करारात तो केवळ या प्रार्थनेत, म्हणजे मत्तय ६:११ आणि लूक ११:३ येथे येतो. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने, ज्याची मातृभाषाच ग्रीक होती, हा शब्द विद्वानांच्या लेखनातही नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, तो शुभवर्तमानकारांनीच (येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तय, लूक यांनीच) घडवलेला दिसतो, असे नोंदवून ठेवले आहे. पुढे १८८९ मध्ये छापलेल्या, इजिप्तमधील हवारा येथे सापडलेल्या खर्चाच्या एका यादीत तो असल्याचे वाचले गेले आणि ‘रोजचा शिधा’ या अर्थाला मोठाच आधार मिळाला. मात्र दीर्घकाळ बेपत्ता असलेला तो पपायरस (म्हणजे त्या यादीचा प्राचीन कागद) येल विद्यापीठात सापडल्यावर १९९९ मध्ये असे दाखवून देण्यात आले की, तेथे लिहिलेला शब्द ‘तेल’ हा आहे. एवढ्या वादाचा आधार किराण्याच्या यादीतले तेल निघावे, ही गंमतच!

तेव्हा उरते ती व्युत्पत्ती. ‘एपि’ आणि ‘ऊसिया’ (अस्तित्व) अशी फोड केली, तर ‘जगण्यास आवश्यक’ असा अर्थ निघतो. पवित्र शास्त्राचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने मत्तयाच्या भाषांतरात याच फोडीवरून ‘द्रव्यापलीकडची’ (म्हणजे भौतिक पदार्थापलीकडची) असा भारदस्त शब्द योजला, आणि लूकमध्ये त्याच ग्रीक शब्दासाठी साधा ‘रोजची’ हा शब्द ठेवला. दुसरी फोड ‘येणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून होते. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ यासाठी ‘एपिऊसा’ हेच रूप आहे. इब्री लोकांच्या एका शुभवर्तमानात या ठिकाणी ‘माहार’, म्हणजे ‘उद्याची’, असा शब्द असल्याचे जेरोमनेच लिहिले आहे. मला ही दुसरी फोड अधिक पटते, कारण पहिल्या फोडीत ‘एपि’मधला शेवटचा स्वर सामान्यतः गळायला हवा होता. अर्थात, सकाळी प्रार्थना करणाऱ्याच्या दृष्टीने ‘येणारा दिवस’ म्हणजे आजचाच दिवस, त्यामुळे दोन्ही अर्थांतले अंतर वाटते तेवढे नाही.

त्या मुलाचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. त्याला निर्गम १६ मधील मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने पुरवलेले अन्न, दाखवावा : तो ज्याने त्याने त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता, आणि ज्यांनी सकाळपर्यंत राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट घेण्याची मुभा होती. चळत रचून ठेवता येणारी ज्वारीची कडक भाकरी हे त्याच्या अगदी उलटे टोक, आणि भाकरी साठवण्याला ही प्रार्थना कोठेही दोष देत नाही.

वर्गात तळटीप सांगायची असल्यास ती मत्तय वाचताना सांगावी. लूकचे वाक्य निराळे आहे : तेथे ‘आज’ हा शब्द नसून ‘दररोज’ असा वेगळा शब्दप्रयोग आहे, आणि क्रियापदही ‘दे’ असे एकवारचे नसून ‘देत राहा’ अशा चालू क्रियेचे आहे.