यहुदी सणांच्या कथांवरील सुरुवातीची रंगीत शिळाछापाची चित्रे पाहायची असतील, तर कुठून सुरुवात करावी?

आपण विचारले आहे की, या प्रकारातला एकच संच पाहायचा झाला तर कोणता पाहावा. माझे उत्तर रशियन यहुदी चित्रकार एल लिसित्स्की यांचा 'हद गद्या' असे आहे. १९१९ साली कीव्ह येथे 'कुल्तुर-लिगे' या यिद्दिश (पूर्व युरोपातील यहुद्यांची भाषा) सांस्कृतिक संस्थेने तो अवघ्या ७५ प्रतींत काढला. यहुदी सणांची छापील चित्रे त्याआधीही होती. परंतु मोरित्झ ओपेनहाइम यांची जर्मनीत गाजलेली चित्रमाला मुळातच छायाचित्रणाने प्रती काढता याव्यात म्हणून राखाडी छटांत रंगवलेली होती, त्यामुळे आपल्या प्रश्नाला ती लागू पडत नाही.

'हद गद्या' म्हणजे 'एक करडू'. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री, सेदेरचे म्हणजे सणाचे विधिवत जेवण आटोपल्यावर अगदी शेवटी हे अरामी गाणे म्हणतात. बापाने दोन झूझ (जुनी नाणी) देऊन करडू घेतले. ते मांजराने खाल्ले, मांजराला कुत्रा चावला, कुत्र्याला काठीने मारले, काठी विस्तवाने जाळली, विस्तव पाण्याने विझवला, पाणी बैल प्यायला, बैल खाटकाने कापला, खाटकाला मृत्युदूताने नेले आणि मृत्युदूताला देवाने मारले. अशी दहा कडवी आहेत आणि लिसित्स्कींनी प्रत्येक कडव्याला एक चित्र दिले आहे.

चित्राच्या माथ्यावर कमानीत यिद्दिश ओळ आहे. पहिल्या चित्रात करडू पिवळे आहे, तर ओळीतला 'करडू' हा शब्दही पिवळा आहे. बापाचा चेहरा चक्क हिरवा आहे आणि 'बाप' हा शब्दही हिरवाच. अक्षरओळख नसलेले मूलसुद्धा रंगाच्या बोटाला धरून शब्दापर्यंत पोहोचावे, अशी ही योजना आहे.

ही योजना छापखान्यात किती महागात पडते, हे शिळाछाप केलेल्यालाच कळते. या छपाईत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने रेखाटतात, दगड ओला ठेवतात आणि तेल व पाणी एकमेकांना धरत नाहीत एवढ्यावर छपाई होते. मात्र साधारणपणे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि तोच कागद पुन्हा पुन्हा, त्याच जागी, दाबाखालून काढावा लागतो. विद्यार्थिदशेत मी तीन रंगांचे एक चित्र असे छापले होते. दुसऱ्या रंगाला कागद केसभर सरकला आणि चित्रातल्या बाईचे ओठ तिच्या गालावर गेले. म्हणून एकेका शब्दाला वेगळा रंग दिलेला दिसला की, तो केवळ शोभेसाठी दिला असेल असे मला वाटत नाही.

या गाण्याची चित्रे लिसित्स्कींनी १९१७ मध्येही रंगवली होती. त्यांत मृत्युदूत कोसळताना दिसतो, १९१९ च्या छापात तो मरून पडलेला आहे. त्याच्या डोक्यावरचा मुकुट झारची आठवण करून देतो, आणि देवाचा तलवार धरलेला हात १९१८ च्या सोव्हिएत टपाल तिकिटावरच्या हाताशी फारच जुळतो, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. सणाच्या गाण्यात क्रांती अशी अलगद येऊन बसते. १९१९ मध्येच लिसित्स्की वितेब्स्क या शहरी गेले, तेथे अमूर्त चित्रकार मालेविच यांच्या प्रभावाखाली आले आणि पुढे त्यांची चित्रे भौमितिक आकारांकडे वळली.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हा संच आहे आणि त्याची चित्रे संगणकावरही पाहता येतात. मराठी वाचकाने त्याच्या शेजारी १८७४ साली पुण्यात शिळाप्रेसवर छापलेली हग्गादा, म्हणजे सेदेरच्या वेळी वाचायची पोथी, जरूर ठेवावी. ती रंगीत नाही, पण तिच्यात हिब्रूबरोबर मराठी मजकूर आहे, आणि सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका लुगडे नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत.