सर्व्हर आतल्याच नेटवर्कवर आहेत, मग सर्व्हिस डिस्कव्हरीला सुरक्षा कशाला?

जालन्यातल्या तुमच्या स्टीलच्या कारखान्यात वजनकाटा, स्टॉक आणि बिलिंग या सर्व्हिसेस कॉन्सुलला (कोणती सर्व्हिस कुठल्या पत्त्यावर आहे याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) विचारून एकमेकींचा पत्ता शोधतात, म्हणजेच सर्व्हिस डिस्कव्हरी करतात, बाहेरच्या इंटरनेटशी संबंध नाही, मग टोकन (परवानगीची गुप्त किल्ली) आणि सर्टिफिकेट (ओळखीचा डिजिटल दाखला) यांचा व्याप कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी वाळूजला हेच काम करतो. माझं ठाम मत आहे, व्याप करायलाच हवा.

कॉन्सुलची रजिस्ट्री, म्हणजे नोंदवही, नुसता पत्ता सांगते. तिथं खरंच कोण बसलंय याची हमी ती देत नाही. मोंढ्यात नवख्या माणसानं एखादी आडत विचारावी आणि कुणी त्याला भलत्याच गाळ्यावर धाडावं, तशी गत होते.

कॉन्सुलचा एचटीटीपी पोर्ट ८५०० मुळात फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतो. डॅशबोर्ड टेबलावरून उघडावा म्हणून तो बऱ्याच ठिकाणी ०.०.०.० करून, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना खुला करून, ठेवलेला असतो. एसीएल, म्हणजे कुणाला काय करता येईल याचे नियम, तर मुळातच बंद असतात. अशा वेळी सीसीटीव्हीच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाचा लॅपटॉपसुद्धा एका पुट रिक्वेस्टनं (नोंद करायच्या विनंतीनं) ‘बिलिंग’ या नावाखाली स्वतःचा आयपी नोंदवू शकतो. सर्व्हिस चालू आहे का हे पाहणारा हेल्थ चेकही त्यानंच लिहिलेला, म्हणजे तो हिरवाच दिसणार. मग काट्यावरच्या काही नोंदी गुपचूप तिकडं जातात आणि लॉगमध्ये एरर म्हणून काही उमटत नाही. स्क्रिप्ट चेक (कमांड चालवून तपासणारे हेल्थ चेक) चालू असतील तर नोंदणीच्या आडून त्या मशीनवर हवी ती कमांडसुद्धा चालवता येते. हे स्क्रिप्ट चेक आजच बंद करा.

एसीएल चालू करून डिफॉल्ट पॉलिसी ‘डिनाय’ (परवानगी दिली नसेल ते सगळं नाकारायचं) ठेवा आणि प्रत्येक सर्व्हिसच्या टोकनला फक्त स्वतःचंच नाव नोंदवायची मुभा द्या. बराचसा धोका इथंच टळतो. गॉसिपची, म्हणजे कॉन्सुलच्या मशीनच्या आपसातल्या निरोपांची, गुप्त की एका कमांडनं तयार होते, तीही लावा. त्यानंतर एमटीएलएस, म्हणजे जोडणीच्या वेळी दोन्ही बाजूंनी एकमेकींचं सर्टिफिकेट तपासणं. पत्ता खोटा निघाला तरी समोरच्याकडं योग्य सर्टिफिकेट नसल्यानं जोडणीच होत नाही. कॉन्सुलच्या सर्व्हिस मेशमध्ये (सर्व्हिसेसमधल्या जोडण्या सांभाळणारी सोय) ही सर्टिफिकेटं ७२ तासांची असतात आणि आपोआप बदलतात. काट्याचा पीसी फारच जुना असेल तर त्याला निदान वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका.

एक मात्र सांभाळा. पाळी चालू असताना थेट ‘डिनाय’ करू नका. आधी पॉलिसी ‘अलाऊ’वर (सगळं चालू द्यायचं) ठेवून सगळ्यांना टोकन वाटा, सगळं सुरळीत चालतंय हे पाहा आणि सुट्टीच्या दिवशी बदल करा. बूटस्ट्रॅपच्या वेळी, म्हणजे एसीएल पहिल्यांदा सुरू करताना, मिळणारं सर्वाधिकारी टोकन मात्र तेव्हाच सुरक्षित जागी ठेवा.