खासगी शाळेत सीनियर केजीतून पहिलीत मूल आपोआप जातं का? पुढे नापास करतात का?

हो, शाळा तीच असेल आणि पहिलीच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत मुलीची 6 वर्षं पूर्ण होत असतील तर ती पहिलीत जाते. नापास होण्याचा प्रश्न पाचवीपर्यंत येत नाही. मी रत्नागिरीत खासगी शाळेत प्राथमिकला शिकवते, दर जूनला पालक हेच विचारतात.

पहिली-दुसरीत भाषा आणि गणित, बाकी गाणी-गोष्टी. खरा बदल तिसरीत: परिसर अभ्यास सुरू होतो, आणि राज्य मंडळाचं ते पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं, त्यामुळे आमच्या पोरांच्या हातात रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा असतो. पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग त्यात आपलं गाव शोधत बसतो, मी बसू देते. चौथीत शिवरायांचा इतिहास. पाचवीला वार्षिक परीक्षा. त्यात राहिलं तर पुरवणी मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, तिथेही राहिलं तरच मूल त्याच वर्गात. पुढे तसंच आठवीला.

मात्र आपल्याकडे तालुक्याच्या बऱ्याच खासगी शाळा चौथी-पाचवीपर्यंतच असतात, तेव्हा दाखला घेऊन दुसरीकडे जावं लागतं. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा:

- वर्ग कितवीपर्यंत, आणि त्या सगळ्यांना मान्यता आहे का?
- राज्य मंडळ की सीबीएसई? (सीबीएसईची पुस्तकं वेगळी, मराठी मात्र तिथेही सक्तीची.)
- पावसात गाडी कुठवर येते?

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळाला असेल तर फी आठवीपर्यंत माफ, नववीपासून भरावी लागते.