हिशेबाची वही सुरू करताना

महागाईमुळे पगार पुरत नाही, ही आपली तक्रार रास्तच आहे; रिझर्व्ह बँकेचे लक्ष्यच वार्षिक ४ टक्के भाववाढीचे असताना, पगार जागचा न हलल्यास ओढाताण होणारच. तरीही पहिला महिना कोणताही खर्च न कापता केवळ नोंदी करा, आणि त्या रोजच्या रोज करा, कारण यूपीआयने दिलेले २०-३० रुपये रात्रीपर्यंत आठवत नाहीत.

नवख्यांच्या दोन चुका नेहमी दिसतात:

- चहा, रिक्षा, घरपोच मागवलेली बिर्याणी हे सारे ‘किरकोळ’मध्ये कोंबणे. बिर्याणीची किंमत, पॅकिंग आणि डिलिव्हरीचे पैसे वेगवेगळे लिहा, म्हणजे त्यात महागाई किती आणि सोय किती, हे दिसेल.
- सगळी हौस एकदम बंद करणे. मग वहीही बंद पडते. रविवारची मिसळ खुशाल चालू ठेवा, फक्त तिचे पैसे पगाराच्या दिवशीच बाजूला काढा.

गुंतवणुकीचा विचार तूर्त नको.